पास्कूबाबांची वीट

१

“बाई, आपली वीट गेली. आनि लोकं माझ्याकडंच बघतात.”

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या सासूबाईंच्या फोनमधून हा आवाज आला, तेव्हा मी बोळिंजच्या आमच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. सासूबाई फोन कायम स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे आमच्या घरात कुणाचंच काही खासगी राहत नाही आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

“कुठली वीट, आत्माराम?”

“पास्कूबाबांची. रोमची.”

सासूबाईंनी हातातला पेपर खाली ठेवला. पहिल्या पानावर आदल्या दिवशी वारलेल्या पोपमहाशयांचा मोठा फोटो होता. चष्मा काढून त्या मला म्हणाल्या, “सुरुची, स्कूटर काढ. चहा राहू दे.”

चहा राहू दे म्हणजे प्रकरण गंभीर होतं. माझ्या सासूबाई, मनोरमा सावे, यांनी सांडोरच्या बाजूच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. त्या हाडाच्या वाडवळ हिंदू, पण रोमच्या पोपांची नावं त्यांना पेशव्यांइतकीच तोंडपाठ. चोऱ्यामाऱ्या शोधायचा त्यांना नाद आहे. सोसायटीतली पाण्याच्या मोटरची चोरी त्यांनी नुसत्या ओल्या चपलांवरून पकडली होती, तेव्हापासून वॉचमन त्यांना बघितल्यावर उभा राहतो.

मी कऱ्हाडची. देवाधर्माशी संबंध असलेली एकच वीट मला ठाऊक होती. ही दुसरी वीट लग्नानंतर कळली. रोमच्या सेंट पीटर्स चर्चला एक दार आहे, ते एरवी विटांनी चिणलेलं असतं. पवित्र वर्ष आलं की पोप स्वतः हातोडीचा घाव घालतात, भिंत फोडतात आणि त्या दारातून लोक आत जातात. निघालेल्या विटा लोक प्रसादासारख्या घेऊन जात. १९५०च्या पवित्र वर्षासाठी दार फोडलं, तेव्हा इथल्या वसईकडच्या करंजआळीचे पास्कू परेरा जहाजावर खलाशी होते आणि जहाज इटलीच्या बंदरात होतं. मूळचा धंदा गवंड्याचा. रोममधल्या एका गवंड्याने या काळ्या गवंड्याला एक वीट भेट दिली. ती कांबळ्यात गुंडाळून पास्कूबाबांनी गावी आणली. परत येऊन पुन्हा थापी हातात धरली आणि आळीतलं चर्च वाढवलं तेव्हा जमीन, पायऱ्या, सगळं त्यांनीच घातलं. वीट मात्र चर्चशेजारच्या खोलीत काचेच्या पेटीत बसली. त्यांच्या घराण्याला तेव्हापासून विटेवाले परेरा म्हणतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा चर्चच्या आवारात माणसं घोळक्याने उभी होती. आत्माराम पुढं आला. चर्चचे दिवे, माइक, जनरेटर हे सगळं हा हिंदू माणूस तरुणपणापासून सांभाळतो. सासूबाईंना घेऊन तो चर्चच्या दारातून आत शिरला आणि शिरताना वाकून त्याने उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. ही त्याची जुनी सवय.

“आत्मारामकाका, कितीदा सांगितलं, आमच्यात उंबऱ्याच्या पाया पडत नाहीत,” हे केनीचं ठरलेलं वाक्य. केनी चर्चच्या तरुण मंडळाचा म्होरक्या आणि सासूबाईंच्या वर्गात नापास होता होता वाचलेला. एरवी हे ऐकून सगळे हसत. आज कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “आता पाया पडून काय उपयोग?”

आत्मारामने ऐकलं. त्याचे कान लाल झाले.

फादर मार्सेल वेदीपाशी आमची वाट बघत होते. गोरटेले, पिकलेल्या केसांचे, अतिशय मऊ माणूस. त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले.

“मनोरमाबाई, रविवारपर्यंत वीट मिळाली नाही तर मला पोलिसांत जावं लागेल. चावी कुणाच्या ताब्यात होती, हे ते पहिलं विचारतील. मला आत्मारामचं नाव सांगावं लागेल.”

“फादर, ते नाव एकदा सांगितलंत, की मग वीट मिळूनही काही उपयोग नाही,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं माझ्याही लक्षात आलं. हिंदू माणसाने चर्चमधली वीट चोरली, एवढी एक ओळ मोबाइलवर फिरली की पुरे. ज्या आळीत लोक एकमेकांच्या लग्नात पाट मांडून जेवतात, तिथं दुसऱ्या दिवशी कोण कुणाशी बोललं असतं कुणास ठाऊक.

२

खोली लहानशी होती. जुन्या घंटा, जुनी मेणबत्तीदानं आणि मध्ये ती काचेची पेटी. पेटी शाबूत, खोलीचं कुलूप शाबूत. वीट तेवढी नव्हती.

“काल दुपारी रोमहून बातमी आली,” फादर सांगू लागले. “संध्याकाळी मी त्यांच्यासाठी खास मिस्सा, सामुदायिक प्रार्थना ठेवली. सगळी आळी आली. मिस्सेच्या आधी मी स्वतः पाहुण्यांना वीट दाखवली. मग आत्मारामने कुलूप लावलं आणि चावी मीटरच्या खोलीत खिळ्याला टांगली.”

“ती खिळ्याला असते हे कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“सगळ्यांना,” फादर ओशाळून म्हणाले. “माझं प्रवचन चालू असताना वीज गेली. आत्माराम मागं धावला, जनरेटर लावला. दिवे आले. माइक आमच्या जनरेटरवर चालत नाही, म्हणून पुढची मिस्सा मी तशीच म्हटली. मिस्सा संपल्यावर आणखी काहीजण वीट बघायला आले. कुलूप उघडलं तर पेटी रिकामी.”

म्हणजे मिस्सा चालू असताना कुणीतरी खिळ्यावरची चावी काढली, वीट उचलली, कुलूप पुन्हा लावलं आणि चावी परत टांगली. आळीतलं प्रत्येक माणूस त्या वेळी चर्चमध्ये होतं. एक आत्माराम सोडून.

“रविवारी काय आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“एक पाहुणे फादर येणार आहेत. रोमला राहून त्यांनी सेंट पीटर्सच्या दगडविटांचाच अभ्यास केलाय. त्यांना आपली वीट बघायची आहे. महिनाभर मी सगळ्यांना सांगतोय.”

सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. त्या रिकाम्या पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे बाकी गमतीचं आहे.” कशात गंमत आहे, ते सांगितलं नाही.

चर्चच्या दाराशी परत येताना त्यांच्या चपलेचा अंगठा उंबऱ्याला अडखळला. मी दंड धरला. काळ्या दगडाचा उंबरा, पण मधोमध एक पट्टा पिवळट तुकडे बसवून भरलेला.

“गवंड्याला दगड कमी पडला वाटतं,” मी म्हटलं.

“मी इथं यायच्या कितीतरी आधीचं काम आहे,” फादर म्हणाले.

स्कूटरवर बसल्या बसल्या सासूबाईंचा तास सुरू झाला. हेल्मेटमधून त्यांचा आवाज माझ्या कानावर आपटत होता. पेत्राच्या, म्हणजे सेंट पीटरच्या थडग्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने पहिलं चर्च बांधलं, ते बाराशे वर्षं टिकलं. मग एका पोपने ते पाडायला घेतलं. नवं पुरं होईपर्यंत वीस पोप झाले. बांधकामाला पैसा हवा म्हणून पापमाफीचे कागद विकले, त्यावरून निम्मा युरोप रागावून वेगळा झाला. तिकडे त्या चर्चचा घुमट चढत होता, तेव्हा इकडे वसईच्या किल्ल्याचे तट चढत होते.

“आणि एकदा तर नवा पोप निवडायला कार्डिनलांनी तीन वर्षं घोळ घातला,” त्या ओरडल्या. “खुर्ची रिकामी. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडून वरचं छप्पर काढून टाकलं.”

“आपल्या सोसायटीच्या कमिटीला हाच उपाय करायला हवा,” मी म्हटलं.

“हसू नकोस. रिकाम्या खुर्चीचे नियम भरल्या खुर्चीहून कडक असतात.”

मला ते वाक्य नुसतं वाक्य वाटलं. खरं तर उत्तराची अर्धी वाट तिथंच होती.

३

पहिला केनी. तरुण मंडळाच्या प्रदर्शनात वीट मांडायला त्याने फादरांकडे परवानगी मागितली होती आणि फादर नाही म्हणाले होते. त्यावरून त्याने तोंड सोडलं होतं, हे साऱ्या आळीला माहीत.

“मी वरच्या सज्जात होतो, बाई. मिस्सा लाइव्ह दाखवत होतो. वीज गेली तरी फोन चालू होता. सगळं रेकॉर्डिंग सलग आहे, एक सेकंद कट नाही.”

“सुरुचीला पाठव ते. आणि विटेचा एखादा फोटो आहे?”

फोटो होता, अगदी जवळून घेतलेला. सासूबाईंनी तो बोटांनी मोठा केला. लाल, जाडजूड वीट. अंगावर बारीक बारीक होडीच्या आकाराचे खळगे होते.

“कीड लागली होती का?” मी विचारलं.

“विटेला कीड लागत नाही गं,” त्या म्हणाल्या आणि आणखी बराच वेळ बघत राहिल्या. “केनी, तू आत्मारामवर संशय घेतलास?”

केनी खाली बघू लागला. “मी नाही, बाई. पण लोक बोलतात. बाहेर एकटा तोच होता ना. आणि वीज पण त्यानेच घालवली असेल, असं म्हणतात.”

“तेव्हा तुझ्या घरी वीज होती?”

“नाही. पूर्ण आळीची गेली होती.”

“मग साऱ्या आळीची वीज घालवायची ताकद आत्मारामच्या बोटात असती, तर तो तुझ्याकडून टोमणे का ऐकत बसला असता?”

केनी मान खाली घालून मला रेकॉर्डिंग पाठवू लागला.

दुसरी ज्युली. कॉलेजात शिकवते आणि चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते. या विटेवर तिचा विश्वास नाही, हे ती उघड बोलून दाखवी. खोटी वस्तू पाहुण्यांसमोर नको म्हणून तिनेच गायब केली असेल, अशीही कुजबुज होती.

“बाई, पास्कूबाबा म्हणायचे की विटेवर दोन चाव्यांचा ठसा होता. पोपची खूण. कुठंय ठसा? विचारलं की म्हणतात, झिजला. काचेत ठेवलेली वीट झिजते कशी? मी फादरना स्ट्रेट सांगितलं होतं, चेक करून घ्या. पण चोरायची काय गरज मला? मला तर ते पाहुणे यायलाच हवे होते.”

“काल तू जागेवरून हलली नाहीस?”

“कशी हलणार? गाणी कोण वाजवणार? उलट जास्त अलर्ट राहावं लागलं. माइक बंद, आणि फादर पण दमलेत हो. मधल्या प्रार्थनेत बिशपांच्या नावाआधी चक्क अडखळले. इतकी वर्षं म्हणतात, तरी.”

“अडखळले,” सासूबाई म्हणाल्या. “कुणाच्याही लक्षात आलं असेल?”

“ऐकणाऱ्याच्या येणारच. एवढी शांतता होती.”

बाहेर आल्यावर मी बोटांवर मोजलं. केनी सज्जात, ज्युली कीबोर्डवर, फादर वेदीवर. साखळी आत्मारामच्याच गळ्यात पडत होती. मी तसं म्हटल्यावर सासूबाई एवढंच बोलल्या, “विटेवाल्यांकडे जायचं राहिलंय.”

४

कॉन्रॅड परेरा म्हणजे पास्कूबाबांचे नातू. साठी ओलांडलेले, केळी आणि पानवेलीची वाडी स्वतः राबून सांभाळणारे. घरात ते त्यांच्या कादोडी बोलीत बोलतात, आमच्याशी मराठीत. त्यांच्या बायकोने सुकेळी पुढं ठेवली. उन्हात वाळवलेली, केळीच्या सोपट्यात बांधलेली ती सुकेळी मला इतकी आवडतात, की चौकशीवरचं माझं लक्ष तिथंच उडालं.

“मनोरमाबाय, माझ्या घरातला माणूस गेल्यागत झालंय,” कॉन्रॅड म्हणाले. डोळे सुजलेले होते.

“काल मिस्सेला कुठं होतास?”

“पडवीत. आम्हां पुरुषांची जागा तीच.”

ते खरंच. मिस्सेला पुरुषांनी बाहेर पडवीत खांबाला टेकून उभं राहायचं आणि घरी गेल्यावर बायकांची बोलणी खायची, ही तिथली जुनी रीत. कोण आला, कोण मध्येच बाजूला गेला, याचा कुणी हिशोब ठेवत नाही. पण कॉन्रॅडना सुरुवातीला आणि शेवटीही पडवीत बघणारे पुष्कळ होते.

“वीज गेल्यावरही तिथंच?”

“तिथंच तर. माइक बंद पडला, मग कान देऊन ऐकावं लागलं. पण फादरांचा आवाज पडवीपर्यंत येत होता.”

“सगळं ऐकू आलं?”

“सगळं.” त्यांचा आवाज जड झाला. “मधल्या प्रार्थनेत परमगुरूंचं, पोपमहाशयांचं नाव घेतलं ना, बिशपांच्या आधी, नेहमीसारखं, तेव्हा डोळ्यांना पाणी आलं माझ्या. म्हटलं, माणूस दुपारी गेला, आणि नाव अजून प्रार्थनेत आहे.”

मलाही भरून आलं. सासूबाईंनी तोंडाशी नेलेलं सुकेळं परत ताटलीत ठेवलं. त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या घरच्या अल्ताराशी गेल्या. मारियामातेची मूर्ती, लेसचा पांढरा रुमाल, ताजा मोगरा.

“मूर्ती नवी घेतलीस का? उंच दिसते.”

“नाही, जुनीच आहे,” कॉन्रॅडची बायको म्हणाली. “यांनीच सजवली काल.”

“छान सजवली,” सासूबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

शेवटी आत्मारामच्या घरी. त्याची मुलगी अक्षदा दारात उभी होती, रडून चेहरा उतरलेला. आत्माराम खाटेवर बसला होता.

“मी जनरेटरजवल होतो, बाई. त्यो मधीच बंद पडतो, म्हनून शेवटपर्यंत तिथंच बसलो. कोन बघनार मला?”

“कुणीच नाही?”

“कोनीच नाही.” त्याने खिशातून जुडगा काढला. “ह्या चाव्या सांजच्याला फादरना देऊन टाकतो. आनि एक सांगतो. पोलिसात नाव गेलं, तर मी ह्या गावात राहनार नाही.”

अक्षदा हुंदका दाबत आत गेली. घरी येताना मला आत्मारामचा संशय येत होता आणि संशयाची लाजही वाटत होती. रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंनी कानात इअरफोनची बोंडं घालून केनीचं रेकॉर्डिंग लावलं. एकच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकली. मग बोंडं काढून म्हणाल्या, “फादरना फोन लाव. म्हणावं, उद्या सकाळी विटेवाल्यांकडे या. आणि आत्मारामकडून चाव्या घेऊ नका.”

५

दुसऱ्या दिवशी कॉन्रॅडच्या ओटीवर आम्ही चौघेच होतो. त्यांची बायको बाजाराला गेली होती.

“फादर,” सासूबाई म्हणाल्या, “सोमवारी मधल्या प्रार्थनेत, बिशपांच्या आधी, तुम्ही पोपचं नाव घेतलंत का?”

“नाही. कसं घेणार?”

“का नाही, ते या माझ्या सुनेला सांगा.”

“पोप गेले की खुर्ची रिकामी,” फादर म्हणाले. “तिकडे त्यांची अंगठी निकामी करतात. आणि नवे पोप निवडेपर्यंत जगातल्या कुठल्याच मिस्सेत त्या जागी नाव घेत नाहीत. मी सवयीने घ्यायला गेलो आणि थांबलो. क्षणभर शांतता झाली. सुरुवातीला त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा नाव घेतलं होतं. इथं नाही.”

कॉन्रॅडचा चेहरा राखेसारखा झाला.

“ज्युलीला वाटलं, फादर अडखळले,” सासूबाई सांगू लागल्या. “पडवीत जो उभा होता, त्यालाही ती शांतता ऐकू आली असती. माइक चालू असता तर शेजारच्या खोलीतही ऐकू आली असती. पण माइक बंद होता. कॉन्रॅड, तुला काही ऐकूच आलं नाही. तू लहानपणापासून दर रविवारी जे ऐकलंस, तेच मला सांगितलंस. एखादा देवाला न मानणारा चोर असता, तर तो म्हणाला असता, मला काही आठवत नाही, आणि सुटला असता. तू भक्तीने सापडलास.”

“बाय...” कॉन्रॅड म्हणाले.

“वीट विकायची असती, तर ती आतापर्यंत गावाबाहेर गेली असती. ती तर मारियामातेच्या पायाखाली आहे. मग ती पाहुण्यांच्या नजरेला का पडू द्यायची नव्हती? फोटोत मी तिच्या अंगावरचे खळगे बघितले. ते भाताच्या तुसाचे ठसे आहेत. माती साच्याला चिकटू नये म्हणून आपले भट्टीवाले तूस पसरतात. रोमच्या दारात आपल्या भट्टीचं तूस कुठून येणार? ही वीट इथलीच आहे. पाहुण्यांनी ती हातात घेताक्षणी ओळखली असती आणि पास्कूबाबा साऱ्या आळीसमोर खोटे ठरले असते. म्हणून तू ती काढलीस.”

कॉन्रॅड उठले. अल्ताराशी जाऊन त्यांनी मूर्ती अलगद उचलली, लेसचा रुमाल बाजूला केला. खाली लाल वीट होती. ती त्यांनी फादरांच्या मांडीवर ठेवली आणि जमिनीवर बसले.

“बाबा खोटे नव्हते,” ते म्हणाले. “खरी वीट होती. चाव्यांच्या ठशाची. मी फोडली.”

फादरांनी मांडीवरची वीट सावरून धरली.

“मी पोरगा होतो. चर्चचं काम चाललं होतं, खोली उघडी होती. मला ती एकदा हातात घ्यायची होती. पडली. बाबा आले, त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी नुसतं मला पोटाशी धरलं. म्हणाले, पोराला कुणी बोल लावायला नको. खरी वीट तोवर कांबळ्यातच असायची, आळीत कुणी नीट बघितली नव्हती. भट्टीवरून ही आणली, पेटीत ठेवली, आणि मरेपर्यंत बोलले नाहीत. रोमहून छातीशी धरून आणलेली वस्तू, बाय. माझ्यासाठी गिळली त्यांनी ती गोष्ट. आता लोक त्यांना लबाड म्हणणार होते.”

मी डोळे पुसले. सासूबाईंचेही डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

“आणि आत्माराम? तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून पास्कूबाबांनी आपलं सर्वांत मोठं धन लपवलं. आणि तू त्यांच्या नावासाठी दुसऱ्यावर बोल येऊ दिलास. त्यांना हे चाललं असतं का?”

कॉन्रॅडनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “नसतं चाललं,” ते म्हणाले. “मला वाटलं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. काल रात्रभर झोपलो नाही.”

“त्या विटेचे तुकडे कुठं आहेत?” फादरांनी हळूच विचारलं.

कॉन्रॅडनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं तेज आलं होतं. “ते मी रविवारी सांगेन, फादर. सगळ्यांसमोर. त्याआधी आत्ता आत्मारामकडे जायचंय. मला एकट्याने जाऊ द्या.”

ते अनवाणीच निघाले. तुकडे कुठं असतील, म्हणून मी वाटेत सासूबाईंना छळलं. त्या नुसत्या हसत होत्या. “तू बघितलेस की,” म्हणाल्या. मला त्यांचा असा राग आला.

६

रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. पाहुणे फादर पुढच्या बाकावर बसले होते. आम्ही मागं होतो आणि आत्माराम पडवीत, दाराच्या बाहेर. मिस्सा संपली आणि कॉन्रॅड माइकपाशी गेले. हातात ती लाल वीट होती.

त्यांनी काहीच राखून ठेवलं नाही. लहानपणची पडलेली वीट, आजोबांची लबाडी, स्वतःची चोरी, पडवीतलं खोटं. “आणि सर्वांत मोठं पाप सांगतो,” ते म्हणाले, “माझ्या मित्राला तुम्ही चोर म्हणत होता आणि मी गप्प होतो. आत्माराम, घरी येऊन मी तुझी माफी मागितली. बोल सगळ्यांसमोर लागला होता, म्हणून आज सगळ्यांसमोर मागतो.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. आत्मारामला कुठं बघावं ते कळेना.

“आता खरी वीट,” कॉन्रॅड म्हणाले. “तेव्हा बाबा चर्चचा उंबरा बसवत होते. मला जवळ बसवून त्यांनी ते तुकडे दगडात घातले. म्हणाले, दाराची वीट आहे, पेटीत तिचं काय काम? दारातच जाऊ दे.”

मग लोक उठले, बाकं सरकली, आणि सारी गर्दी दाराकडे लोटली. तो पिवळट पट्टा. दगड कमी पडला म्हणून मी ज्याला नावं ठेवली होती, तोच. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

ब्रश आणि पाण्याची बादली आत्मारामनेच आणली. पाहुण्यांनी झगा सावरून गुडघे टेकले. वर्षानुवर्षांचा चिखल आणि सिमेंटचा पापुद्रा ओला झाला, सुटला, आणि एका तुकड्यावर चावीचा दांडा आणि तिचे दात वर आले. अर्धी चावी. पाहुण्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि कॉन्रॅडकडे बघून मान हलवली. कॉन्रॅड तिथंच मोठ्याने रडले.

“म्हणजे आपण सगळे आजवर...” ज्युली म्हणाली.

“हो,” फादर म्हणाले. “आपण आजवर त्यावरून चपला वाजवत आलो. वाकून हात लावणारा आळीत एकच माणूस होता.”

कुणी कुणाकडे बघेना. आत्माराम बादली घेऊन पडवीतच उभा होता. फादर त्याला म्हणाले, “आत ये. दिवे बंद करायचे आहेत.”

“कसा येऊ, फादर? आता ठाऊक झालं. पाय कसा टाकू हिच्यावरनं?”

“दाराची वीट आहे ती, आत्माराम. ओलांडण्यासाठीच आहे.”

आत्मारामने बादली खाली ठेवली. वाकला, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत आला. गर्दीने बाजूला होऊन त्याला वाट दिली. त्याच्यामागून केनी यायचा होता. तो उंबऱ्याशी थबकला, इकडे तिकडे बघितलं, मग कान खाजवत खाली वाकला.

“आज पास झाला,” सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, आणि त्यांनी मला सुकेळ्यांची आठवण करून दिली. कॉन्रॅडच्या बायकोने आमच्यासाठी वेगळी बांधून ठेवली होती.